आधी पापण्या, मग मोतीबिंदू

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलाय म्हणून ऑपरेशनची तारीख घेतली होती. आठवडाभर आधी तपासायला गेलो, तर डॉक्टर पापण्याच बघत बसले आणि म्हणाले, "कडांना जंतूंची सूज आहे. तीन आठवडे शेक, सफाई, मलम करा, मग बघू." सासूबाईंच्या पापण्यांना कोंड्यासारखं काहीतरी वर्षानुवर्षं असतंच. सकाळी डोळे चिकटतात, दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपतं. त्याचा आणि मोतीबिंदूचा काय संबंध? आमचे हे म्हणतात, खेपा घालायला लावायचे धंदे आहेत. शेजारचे सांगतात की पंधरा दिवसांनी जवळच शिबिर आहे, तिथं लगेच करून देतात. न्यावं का? तसं हे दुखणं आमच्या घराण्यातच असावं. सात वर्षांच्या मुलीलाही सारखी रांजणवाडी होते, उन्हात गेली की डोळे मिटून घेते. लाल झाले की आजीचेच थेंब घालतो, दोन दिवसांत बरं वाटतं तिला.
– एक सून, तासगाव तालुका

ताई, विचारलंत त्याचं उत्तर सोपं आहे. घाई करून शिबिराला नेऊ नका, तीन आठवडे थांबा. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना सासूबाई बाजूला राहिल्या. जे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, त्यानं मला जास्त घोर लावला. त्याच्याकडे येतेच. तोवर एवढं करा, ती थेंबांची बाटली मुलीसाठी परत उघडू नका.

आता सासूबाईंचं. पापणीची कड आपण कधी नीट बघतच नाही. उजेडात आरसा घ्या आणि खालची पापणी बोटानं जराशी ओढा. केसांच्या मागे, डोळ्याला टेकणाऱ्या बाजूला, सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं ओळीनं दिसतील. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. आपण पापणी मिटली की त्यांच्यातून तेलाचा अंश बाहेर येतो आणि अश्रूंवर पसरतो, रश्श्यावर तवंग यावा तसा. तो तवंग आहे म्हणून खालचं पाणी लगेच वाळत नाही.

स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतात. एरवी ते गुण्यागोविंदानं राहतात. काहींच्या पापण्यांच्या कडेला मात्र त्यांची वस्ती वाढते. मग केसांच्या मुळाशी कडक खपल्या धरतात. ती खपली ओढून काढली की खाली बारीकशी जखम दिसते, कधी रक्ताचा ठिपका येतो. सासूबाईंचा 'कोंडा' तो हाच. (डोक्यातला कोंडा पापण्यांवर उतरतो तो प्रकार वेगळा. त्याचे पापुद्रे तेलकट आणि सैल असतात. बऱ्याच जणांना दोन्ही एकदम असतात, तेव्हा सासूबाईंचं डोकंही बघून घ्या.) शिवाय हे जंतू त्या तेलाचं विघटन करतात. तेलाचा होतो साबण, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसायला लागतो. तवंग बिघडला की अश्रू भराभर वाळतात, डोळा खुपतो, आणि खुपला म्हणून पाणी गळतं. "डोळ्यांतून धारा लागल्यात आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत," असं म्हणून हसणारे पेशंट मी तीस-बत्तीस वर्षं पाहिले. हसणं बरोबर होतं, डॉक्टरही बरोबर होते.

मोतीबिंदूशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. ऑपरेशनला डोळ्याला छेद द्यावा लागतो, अगदी दोन-तीन मिलिमीटरचा. नंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर तो करणारे जंतू बहुतेक वेळा बाहेरून आलेले नसतात, पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात. असं क्वचित होतं, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. पण ज्याला होतं त्याची नजर एक-दोन दिवसांत जाऊ शकते. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यात पाच टक्क्यांचं आयोडीनचं औषध घालतात, ते तपकिरी पाणी. त्यानं जंतू पुष्कळ कमी होतात. पण कडेला खपल्यांचा थर असेल तर त्याच्या आड जंतू टिकून राहतात. भांड्याला खरकटं वाळलेलं असताना नुसतं पाणी ओतावं, तसं ते होतं.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. आत कोणत्या नंबरची लेन्स टाकायची, हे ठरवायला डोळ्याच्या पुढच्या काचेचा बाक मोजतात, आणि तो मोजला जातो त्या काचेवरच्या अश्रूंच्या थरावरून. तो थर जागोजागी फाटत असेल तर मशीन आज एक आकडा दाखवतं, उद्या दुसरा. ऑपरेशन झकास होतं आणि लेन्स चुकीच्या नंबरची बसते. मग आजी म्हणतात, "दिसतंय, पण साफ नाही," आणि घरचे म्हणतात, "म्हातारीला समाधान म्हणून नाही."

तुमच्या यजमानांना एवढंच विचारा, तारीख पुढे ढकलून त्या डॉक्टरांना मिळालं काय? त्या दिवसाचं एक ऑपरेशन कमी झालं, तेवढंच. ज्याला फक्त पैसे काढायचे आहेत तो थांबा म्हणणार नाही. शिबिरांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः कित्येक शिबिरांत तपासायला बसले आहे, आणि चांगल्या शिबिरातूनही अशा पापण्यांचे पेशंट परत पाठवतात. मला भीती वेगळीच आहे. गर्दीत कुणाची नजर चुकली आणि घरचेही "आम्हाला आधी थांबायला सांगितलं होतं" हे मुद्दाम बोलले नाहीत, तर काय? तीन आठवड्यांनी मोतीबिंदूचं सहसा काही बिघडत नाही. मधल्या काळात डोळा एकदम लाल होऊन ठणकायला लागला, त्या बाजूचं डोकं दुखून उलट्या झाल्या, तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पिकलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब वाढल्याची ती खूण असते.

पापण्यांची सूज वर्षानुवर्षं अंगावर काढली की काय होतं, ते सासूबाईंकडे नीट बघितलंत तर तुम्हालाच दिसेल. कड जाड होते, वेडीवाकडी होते, मध्ये खाच पडते. केस गळून जागा मोकळी राहते, काही केस पांढरे होतात. वाईट म्हणजे उरलेले केस आत वळतात. पदराच्या गाठीला छोटा चिमटा बांधून येणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दर पंधरा दिवसांनी लेक किंवा नात आत वळलेला केस उपटून देते, आणि दोन दिवस सुखाचे जातात. पण तुटलेला केस परत उगवतो तेव्हा जास्त टोकदार असतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळाच्या काचेवर घासतो. तिथं ओरखडा, ओरखड्यात जंतू, त्याची जखम, जखमेचं फूल. चिमट्यानं ओढण्यापेक्षा त्या केसाचं मूळ जाळण्याचे उपाय दवाखान्यात होतात, ते करून घ्या.

काचेच्या कडेला आणखी एक जखम होते. तिथं जंतू स्वतः पोचलेलेच नसतात, त्यांच्या विषाला आपलं शरीर जास्तीचं भांडतं आणि त्या भांडणात काचेला चट्टा पडतो. पापणीची कड जिथं काचेच्या कडेला टेकते तिथंच हे चट्टे येतात. डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर दोन, चार, आठ आणि दहाच्या आकड्यांपाशी. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसवत नाही. यावर स्टेरॉइडचे थेंब खरंच जादूसारखे चालतात, पण डॉक्टरनं मशीनखाली बघून ही जखम त्याच जातीची आहे अशी खात्री केल्यावर. तशीच दिसणारी दुसरी जखम जंतूंची किंवा बुरशीची असू शकते. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात उसाचं पान, काडी गेली की बुरशीची जखम होऊ शकते. तिच्यावर हेच थेंब घातले तर डोळा जातो.

आता मुलीकडे येऊ.

दोन दिवसांत बरं वाटणारे, लाली झटकन घालवणारे थेंब म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड असलेले थेंब. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादा शब्द आहे का बघा. बऱ्याचदा तो अँटिबायोटिकच्या नावामागे जोडीनं लिहिलेला असतो, म्हणून लक्षात येत नाही. कायद्यानं ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मेडिकलमध्ये प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. हे थेंब वारंवार घातले की डोळ्यातला दाब वाढतो, आणि लहान मुलांत तो मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो. दुखत नाही, दिसायलाही सुरुवातीला फरक पडत नाही. आतली नस मात्र वाळत जाते, आणि काचबिंदूनं वाळलेली नस परत हिरवी होत नाही. या थेंबांनी लहान वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. आजी आणि नातीचं एकाच वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं घर मी पाहिलेलं आहे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, दोघींच्या डोळ्यांत एकाच बाटलीतलं औषध पडत होतं.

तिला काय झालं असावं? न बघता निदान करणार नाही. पण सारखी रांजणवाडी, वरचेवर लाल होणारे डोळे आणि उन्हात मिटणारे डोळे, हे तिन्ही एका मुलात असले की पापण्यांच्या सुजेनं बुबुळाच्या काचेपर्यंत हात पोचवलाय का, असा संशय घ्यायचाच असतो. नुसत्या रांजणवाडीनं मूल उजेडाला घाबरत नाही. काच दुखावली की घाबरतं. तिथं बारीक रक्तवाहिन्या शिरतात, डाग राहतो, काचेचा बाक बदलून तिरका नंबर लागतो. सात वर्षांचं वय म्हणजे नजर घडण्याचे शेवटचे दिवस. या दिवसांत एका डोळ्याचं चित्र धूसर राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे बघणंच सोडतो, आणि पुढं चष्मा लावूनही तो डोळा पुरता साथ देत नाही. ती दूरदर्शन जवळ जाऊन बघते का, वाचताना एक डोळा मिटते का, याकडेही लक्ष द्या. काचेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढुरका फोड दिसला तर डॉक्टर क्षयाची तपासणी करायला सांगतील. घाबरू नका आणि नाहीही म्हणू नका. तसा फोड पापण्यांवरच्या जंतूंमुळेही येतो, क्षयामुळेही येतो, आणि आपल्याकडे क्षय तपासूनच बाजूला ठेवायचा असतो.

म्हणून तिला याच आठवड्यात न्या. सासूबाईंचे तीन आठवडे संपायची वाट बघू नका.

सफाईचं तंत्र दोघींना सारखंच, आणि 'शेक' म्हटलं की काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. हात साबणानं धुवा. सुती, मऊ, धुतलेला हातरुमाल घ्या, प्रत्येकीचा वेगळा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सहज सोसेल इतपतच गरम हवं. तव्यावर गरम केलेली घडी नको, पापणीची कातडी फार पातळ असते आणि वयस्कर माणसाला भाजलेलं कळेपर्यंत फोड आलेला असतो. ओला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. तो मिनिटा-दोन मिनिटांत गार होतो, इथंच सगळ्यांचं चुकतं. परत बुडवा, परत ठेवा, असं पाच ते दहा मिनिटं. आत गोठलेलं तेल तूप पातळ व्हावं तसं पातळ व्हायला तेवढा वेळ लागतोच. लगेच बोटाच्या पेरानं वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेनं हलकी चोळा, बुबुळावर दाब न देता. मग उकळून कोमट केलेल्या अर्ध्या वाटी पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका, त्यात कापसाची काडी भिजवा आणि केसांच्या मुळांवरून आडवी फिरवा. खपल्या भिजून आपण होऊन सुटल्या पाहिजेत, खरवडायच्या नाहीत. शाम्पू झोंबला तर नुसतं पाणी चालेल. दुसऱ्या डोळ्याला नवी काडी. रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम बोटावर तांदळाएवढं घेऊन पापणीच्या कडेलाच लावायचं. बहुतेक लोक ते डोळ्यात भरतात, आणि दुखणं राहतं कडेलाच.

हे दिवसातून दोनदा, तीन-चार आठवडे. नंतर एकदा, आणि ते एकदा मात्र कायमचं. सासूबाईंनी ऑपरेशननंतर बंद केलं तर दिवाळीपर्यंत खपल्या परत येतील. दात घासतो तसंच हे, आज घासले म्हणून उद्याची सुट्टी मिळत नाही. नेटानं करूनही सूज हटत नसेल तर पोटातून गोळ्या देतात. सासूबाईंसाठी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली, तर त्याच पट्टीतली गोळी नातीला अजिबात द्यायची नाही. ती आठ वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा देत नाहीत, दातांवर कायमचे डाग पडायची भीती असते. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या घरात औषधं वाटून घ्यायची सवय दिसते.

सासूबाईंची रक्तातली साखर अलीकडे तपासली होती का? पत्रात उल्लेख नाही. ऑपरेशनच्या तपासण्यांत ती होईलच, पण पापण्या चिघळत राहण्यामागे कधी वाढलेली साखर असते. आणि काजळ. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझी पैज आहे की घरात पितळी डबी आहे आणि एकाच बोटानं आजी स्वतःलाही लावते, नातीलाही. पापण्या शांत होईपर्यंत ती डबी बंद. रांजणवाडीवर लवंग उगाळून लावणं, मध घालणं, पिळून काढणं, हे सगळंही बंद. तळहातावर बोट घासून शेकायचं आपण लहानपणी करायचो, त्यानं फारसं बिघडत नाही, बोट धुतलेलं असलं तर. पिळण्याबाबत मात्र मी कडक आहे. दाबलं की पू बाहेरच येईल असं नाही, आतही पसरतो. रांजणवाडीनंतर अख्खी पापणी सुजून गरम झाली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. डोळा पुढं आल्यासारखा वाटला, हलवताना दुखला, दोन-दोन दिसायला लागलं, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. तेव्हा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत गेलेला असू शकतो आणि तिथून मेंदू लांब नाही.

एक माझ्या हातून झालेलं सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक साठीच्या बाई आल्या. वरच्या पापणीत गाठ, कड लाल, जागेवरचे चार केस गळलेले. गाठ कापून साफ केली, मलम दिलं. पाच महिन्यांनी तिथंच परत गाठ. परत साफ केली. गाठीतला तुकडा तपासायला पाठवला नाही, रांजणवाडीचाच प्रकार म्हणून सोडून दिला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझ्या वरिष्ठांनी बघितलं आणि तुकडा पाठवायला लावला. तेलाच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. पापणी बरीच कापावी लागली, बाई वाचल्या. पण ते सात-आठ महिने माझ्या खात्यावर आहेत. हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तुलनेनं जास्त दिसतो, आणि सोंग घेतो ते पापणीच्या सुजेचंच. जंतूंची सूज सहसा दोन्ही डोळ्यांना असते. सासूबाईंची एकाच पापणीला असेल, त्याच जागी गाठ परत परत येत असेल, तिथलेच केस गेले असतील, तर "तुकडा तपासायचा का?" हे तुम्ही होऊन विचारा. डॉक्टरला राग येणार नाही. आला तर येऊ दे.

मुलीला नेताना ती बाटली सोबत घ्या, अर्धी रिकामी असली तरी. किती महिन्यांपासून, साधारण किती वेळा घातली ते कागदावर लिहून न्या, आणि दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून द्या म्हणून सांगा. डॉक्टर ओरडतील या भीतीनं आकडा कमी सांगू नका. ओरडले तर माझं नाव सांगा, म्हणावं एका बाईंनी आधीच ओरडून झालंय.